दिवाणी आणि कौटुंबिक वकिली: हुकूमनाम्यानंतरचं काम

नीराकाठ (धागाकर्ती):

वकिलीत करिअर कसं असतं असे धागे इथे अधूनमधून निघतात आणि चर्चा लगेच फौजदारी की कॉर्पोरेट या वळणावर जाते. तालुक्याच्या न्यायालयात बहुतेक वकिलांचं घर ज्या कामावर चालतं, त्याबद्दल कुणी नीट लिहीत नाही. वाटपाचे दावे, बांधाची आणि रस्त्याची भांडणं, मनाई हुकूम, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. मी सातारा जिल्ह्यात हीच कामं करते आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातही जाते. नव्याने येणाऱ्यांसाठी मनापासून लिहायचं होतं.

शिक्षणाची वाट सगळ्यांना माहीत असते. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, आधी सीईटी, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि पुढे अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेच्या नोंदणी शुल्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्यावर काही नाही.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. या शाखेत चांगला वकील कोण, हे निकालाच्या दिवशी कळत नाही. ते दरखास्तीत कळतं.

वकील नसलेल्यांसाठी सांगते. दावा जिंकला की हुकूमनामा होतो. समोरच्याने तो पाळला नाही तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, ती दरखास्त. आणि पक्षकाराची खरी दमछाक तिथे सुरू होते. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये दरभंग्याच्या एका प्रकरणात नोंदवलं होतं. २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सगळ्या उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करायला सांगावं लागलं.

म्हणून दावा लिहायला बसतानाच दरखास्त डोळ्यापुढे हवी. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा हुकूम बजावणारा कर्मचारी, जागेवर गेल्यावर हातातल्या कागदावरून त्याला नेमकी कोणती जमीन ताब्यात द्यायची ते कळेल का? चतुःसीमा गट नंबरशी आणि मोजणीच्या नकाशाशी जुळतात का? नुसती मालकी ठरवून मागितली आणि ताबा मागायचा राहिला तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ३४ खाली तेवढ्यावरच दावा पडू शकतो. खरेदीखत करून मिळावं असा दावा लावताना ताब्याची आणि पर्यायी म्हणून इसार रक्कम परत मिळण्याची मागणी कलम २२ प्रमाणे लिहून ठेवावी लागते. या ओळी वादपत्राच्या, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जाच्या, शेवटच्या पानावर असतात आणि ज्युनिअर नेमकं तेच पान जुन्या दाव्यातून उतरवून काढतात.

कौटुंबिक प्रकरणातही हेच. पोटगीचा आदेश झाला, वसूल कशातून होणार? मुलाला भेटायचा हक्क मिळाला, शनिवारी किती वाजता, कुठे, मे महिन्याच्या सुट्टीत काय, दिवाळीत काय?

विचारा, लिहा, मतभेद असतील तर तेही लिहा.


मांजराकाठचा:

ताई, छान धागा. मी लातूरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी कुणी वकील नाही, वडील शेती करतात. सीनियर कसा शोधायचा? सुरुवातीला पैसे मिळतात का? दुसरं म्हणजे, न्यायाधीशाची परीक्षा लगेच देता येणार नाही असं ऐकलं, खरं का?


नीराकाठ:

मांजराकाठचा, आधी परीक्षेचं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुखांची साक्षांकित सही असं त्याचं स्वरूप आहे. म्हणजे आता परीक्षेच्या तयारीची मुलंही आधी बाररूममध्ये येणार. मला हे चांगलं वाटतं. पुकारा झाल्यावर पक्षकार कसा धावत येतो हे ज्याने पाहिलंय, तो खुर्चीवर बसून पाच मिनिटांत दावा काढून टाकायला कचरेल.

पैशांचं खरं ते सांगते. पहिली वर्षं अवघड जातात, आणि ज्यांच्या घरी आधार नाही त्यांना जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मानधन द्यावं अशा अर्थाचं पत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुक्याला अनेक ऑफिसांत अजून प्रवासखर्चाएवढंच मिळतं. त्यात वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून सीनियर निवडताना संकोच न करता विचार: मानधन किती, स्वतःची कामं घेता येतील का, उलटतपास कधीपासून घ्यायला मिळेल.

सीनियर मोठा आहे की नाही हे पाहू नकोस. त्याच्या ऑफिसात कागद कसा तयार होतो ते पाहा. पक्षकाराला समोर बसवून मूळ कागद एकेक करून वाचणारा सीनियर मिळाला तर बाकी सगळं मागे पडलं तरी चालेल. आणि सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा, सिटी सर्व्हेचा उतारा हे वाचायला तुला कॉलेजात कुणी शिकवणार नाही. तुझ्या वडिलांबरोबर तलाठी कार्यालयात जाऊन तुमच्याच जमिनीचे सगळे जुने फेरफार काढ आणि आजोबांपासून आजपर्यंत नावं कशी लागली ते लिहून काढ. शेतकऱ्याच्या घरातून येणाऱ्याला या कामात जो पाया मिळतो तो शहरातल्या मुलांना मिळत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.


पंचगंगा:

धागा वाचून बरं वाटलं. कोल्हापूर जिल्ह्यात दिवाणीच करतो, त्यातही वाटपाचे दावे जास्त.

दरखास्तीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, वाटपात तर तो दुप्पट लागू. लोकांना वाटतं कोर्टाने बहिणीला एक तृतीयांश हिस्सा ठरवला की काम संपलं. तो प्राथमिक हुकूमनामा. शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख, मग मोजणी, मग सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेल्या, वाटपाचा तक्ता, त्यावर हरकती. घर असेल तर कोर्ट कमिशनर. मग अंतिम हुकूमनामा, तो मुद्रांकावर उतरवून घ्यायचा, आणि त्यानंतर ताबा. या प्रत्येक टप्प्यावर एखादा भाऊ वारतो आणि वारस कामी लावण्यासाठी पुन्हा अर्ज. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर न्यायालयाने आपणहून अंतिम हुकूमनाम्याकडे जावं, पक्षकाराच्या अर्जाची वाट पाहू नये. त्याचा आधार घेऊन अर्ज द्यायची सवय आपल्याकडे अजून कमी आहे.

मुलींच्या हिश्श्याबद्दलही लिहितो, कारण सध्या निम्मी कामं त्याचीच. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार, केलं होतं, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली आणि ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता हा वाद मिटवला. यामुळे साठीच्या पुढच्या बायका पहिल्यांदा ऑफिसात येऊन बसू लागल्या. त्यांच्याशी बोलताना घाई करू नये. पहिल्या भेटीत त्या जमिनीचं बोलतच नाहीत, माहेर तुटेल का याचं बोलतात. तो प्रश्न खरा आहे आणि त्याला वकिलाने उत्तर द्यायला हवं. मी बऱ्याचदा आधी हक्कसोडपत्र झालंय का ते पाहतो, मग नोटीस न देता भावांना एकदा समक्ष बोलावतो. काही घरं तिथेच सुटतात.

नव्या मुलांना एकच सांगेन, निशाणी ५ च्या मागे किती पळायचं ते ठरवा. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर दोन वर्षं, त्याच्या अपिलावर दोन वर्षं, आणि मूळ दाव्यात अजून मुद्दे निघालेले नाहीत असं होतं. पक्षकाराला मनाई मिळाल्याचा आनंद होतो, पण साक्षीदार म्हातारे होत असतात.


वांद्रे_पूर्व:

मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात काम करते. इथलं काम दिवाणीपेक्षा बरंच वेगळं चालतं.

पहिली गोष्ट, कौटुंबिक न्यायालये कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने वकील उभा राहतो. परवानगी मिळते, पण हा कायदा वकिलाला मध्यभागी ठेवून लिहिलेला नाही हे आधी मनात बसवावं लागतं. प्रकरण प्रथम विवाह समुपदेशकाकडे जातं. तिथे वकील बाहेर असतो. आपल्या अशिलाने आत काय बोलावं हे पढवून पाठवणारे वकील मला आवडत नाहीत, कारण समुपदेशकाला ते लगेच कळतं आणि त्या बाईचं खरं म्हणणं पुन्हा कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, पोटगी आता मालमत्तेच्या शपथपत्रावर चालते. रजनेश विरुद्ध नेहा, नोव्हेंबर २०२०. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेलेलं. दोघांनीही उत्पन्न, कर्ज, मालमत्ता उघड करायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. यामुळे आमचं काम हिशेबनिसासारखं झालंय. बँकेचे खाते उतारे, आयकर विवरणपत्रं, क्रेडिट कार्डची बिलं, भविष्य निर्वाह निधी. धंदा करणारा नवरा महिना बारा हजार उत्पन्न दाखवतो आणि मुलाच्या शाळेची फी लाखात भरतो, हे कागदावरून मांडता आलं पाहिजे. भावनेच्या भरात लिहिलेली वीस पानं न्यायाधीश चाळतात. तीन वर्षांच्या खाते उताऱ्याचा एका पानाचा तक्ता ते थांबून वाचतात.

वसुलीचं नीराकाठ यांनी विचारलंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ खाली, थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. कितीतरी बायका 'देईल, देईल' म्हणून थांबतात आणि मागची थकबाकी या मार्गाने मागता येत नाही. आदेश मिळाला त्याच दिवशी अशिलाच्या वहीत ही तारीख लिहून द्यावी.


अबोली:

मी वकील नाही, पक्षकार आहे. घटस्फोट आणि मुलीचा ताबा, दोन्ही चालू. माझे वकील फोन उचलत नाहीत. तारखेला गेलं की "पुढची तारीख पडली" एवढंच सांगतात. फी पूर्ण घेतली आहे. बदलायचं म्हटलं तर फाइल देणार नाही म्हणतात. तुम्ही सगळे इतकं चांगलं लिहिताय म्हणून विचारते, माझ्यासारखीने काय करायचं?


नीराकाठ:

अबोली, तुमचा त्रास समजतो. तीन गोष्टी आजच करता येतील.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाका. प्रत्येक तारखेला काय झालं, पुढची तारीख कशासाठी आहे, कोणी मुदत मागितली, हे बरंचसं दिसतं. रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल अर्ज करून मिळते. ती वाचली की तुमचं प्रकरण समोरच्यामुळे थांबलंय की तुमच्या बाजूने, ते तुम्हाला स्वतःला कळेल.

फाइल अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याही वकिलाला नाही. फी बाकी असली तरी नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात तसं ठरवलंय. नव्या वकिलांच्या वकीलपत्रावर जुन्यांची ना हरकत घेण्याची पद्धत आहे. ती मिळाली नाही तर लेखी पत्र देऊन, पोच ठेवून, न्यायालयाकडे परवानगीचा अर्ज करा.

आणि पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हेही अनेकींना सांगितलं जात नाही.

ज्युनिअर मुलांनी हा प्रतिसाद नीट वाचावा. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी पक्षकाराला दोन ओळींचा निरोप पाठवायला एक पैसा लागत नाही.


वांद्रे_पूर्व:

एका बाबतीत मला वेगळं म्हणायचंय. पंचगंगा यांनी भावांना बोलावून मिटवण्याचं लिहिलं, तसं समझोत्याचं कौतुक होतं. माझा अनुभव असा की "मिटवून टाका" हा दबाव बहुतेक वेळा बाईवरच येतो. थकलेली पोटगी सोड, स्त्रीधन सोड, मग परस्पर संमतीची सही मिळेल. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, त्यामुळे ही घाई आणखी वाढली. वकिलाने लढायला तयार असलं पाहिजे, नाहीतर समोरच्याला ते लगेच कळतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चे, म्हणजे नांदायला येण्याचे दावे तर केवळ कोंडीसाठी लावलेले पाहते. ही गोष्ट मुंबईनेच आधी पाहिली आहे. दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर १८८४ मध्ये असाच दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात ते उलटलं आणि मार्च १८८७ मध्ये आदेश झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन ते मिटलं आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. हुकूमनामा हातात असून माणूस नांदवता येत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.


नीराकाठ:

वांद्रे_पूर्व, हा मुद्दा महत्त्वाचा आणि मला पटतो. आज कलम ९ च्या हुकूमनाम्यासाठी कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, फार तर मालमत्ता जप्त होऊ शकते. तरी दावे लागतात, कारण एक वर्ष नांदणं सुरू झालं नाही की त्यावर घटस्फोट मागता येतो, आणि पोटगीला आडकाठी म्हणून तो हुकूमनामा दाखवतात. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नांदायला न जाण्याला पुरेसं कारण असेल तर असा हुकूमनामा असूनही बायकोला पोटगी मिळू शकते. म्हणून असा दावा आला की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ढिली लिहू नका, कारणं तारखेनिशी लिहा.

समझोत्याबद्दल माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी अंतरिम पोटगी आणि शपथपत्रं, मग बोलणी. संमतीच्या अटीत एकरकमी रक्कम असेल तर ती दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे संमतीच्या घटस्फोटातल्या शेवटच्या टप्प्याच्या, दिवशी डीडीने न्यायाधीशांसमोर. दागिन्यांची यादी वजनासह. मुलाचा पासपोर्ट कुणाकडे, शाळेच्या दाखल्यावर सही कुणाची, परदेशी न्यायचं तर लेखी संमती किती दिवस आधी. 'दोघे सामंजस्याने ठरवतील' असं वाक्य अटीत कधीही लिहू नका. सामंजस्य असतं तर ते आपल्याकडे आले नसते.


हडसनपार:

न्यू जर्सीहून. माझ्या भावाचा इथे घटस्फोट झाला, वहिनी पुण्याला. पुण्यात तो घटस्फोट चालतो का यावर दोन वकिलांची दोन मतं आली. इथल्या मराठी मंडळींत हा प्रश्न नेहमी निघतो.


वांद्रे_पूर्व:

हडसनपार, दोन्ही मतं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. १९९१ च्या नरसिंह राव निकालाप्रमाणे, हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर परदेशी घटस्फोट साधारणपणे तेव्हाच मानला जातो जेव्हा त्यातलं कारण आपल्या कायद्यातलं असतं आणि दुसऱ्या बाजूने खरोखर हजर राहून ते न्यायालय मान्य केलेलं असतं, किंवा घटस्फोटाला संमती दिलेली असते. वहिनींना नोटीस आली, त्या गेल्याच नाहीत, आणि 'आता जमत नाही' एवढ्या कारणावर निकाल झाला, तर तो इथे टिकणं कठीण. भावाने दुसरं लग्न करण्याआधी हे तपासून घ्यावं.

इथे कामकाज चालवायला मुखत्यारपत्र देणार असाल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. आणि वडील मुखत्यार म्हणून सगळं करू शकतील, पण नवरा-बायकोत काय घडलं याची साक्ष भावाच्या जागी देऊ शकणार नाहीत.

करिअरच्या अंगाने सांगायचं तर या कामाला वकील कमी पडतात. अमेरिकेचा पैशांचा हुकूमनामा इथे थेट दरखास्त लावून वसूल होत नाही, नवा दावा लावावा लागतो. इंग्लंड किंवा सिंगापूरचा थेट लावता येतो. हा फरक माहीत असणाऱ्याकडे लोक शोधत येतात.


साळकाठ:

मडगावहून थोडंसं. आमच्याकडे वेगळं आहे, १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतले कौटुंबिक नियम अजून चालतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. वारसांचं वाटप इन्व्हेंटरीच्या कामात होतं, आता ते २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्याखाली. त्यात वारसांमध्येच मालमत्तेची बोली लावता येते. सिंधुदुर्गातले वकील गोव्यातली जमीन महाराष्ट्राच्या नियमाने बघतात आणि बायकोची सही राहून जाते, म्हणून लिहिलं.


मांजराकाठचा:

सगळ्यांचे आभार, बरंच उतरवून घेतलं. ताई, एक शेवटचं. परीक्षा झाल्यावर सनद हातात येईपर्यंत काही महिने आहेत. तेवढ्यात काय वाचू?


नीराकाठ:

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, म्हणजे अंमलबजावणीचा भाग, आधी वाच, मग बाकीची संहिता. सगळे उलट करतात. अंमलबजावणीची मुदत लक्षात ठेव: साधारण बारा वर्षं, पण अमुक करा असं सांगणाऱ्या आज्ञार्थी मनाईला तीनच. मग एखाद्या वकिलांच्या ओळखीने बेलिफांचं काम पाहणाऱ्या नाझर साहेबांच्या कार्यालयात बसता आलं तर बस. ताब्याचं वॉरंट कसं निघतं, बेलिफ कोणता शेरा मारून ते परत करतो, ते स्वतः पाहा. 'मिळकत ओळखू आली नाही' हा शेरा दिसला की ते वादपत्र काढून वाच.


पंचगंगा:

यात एक भर घालतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आम्ही. पूर्वी दुसरं अपील म्हटलं की फाइल मुंबईच्या वकिलांकडे जायची आणि आमचा संबंध संपायचा. आता खालच्या कोर्टातला वकीलच वर जाऊ शकतो. पण खालचं रेकॉर्ड मराठीत, साक्षी मराठीत, आणि वर कामकाज इंग्रजीत. मराठी उलटतपासाचा अर्थ न बदलता इंग्रजी भाषांतर करणारे ज्युनिअर आम्हाला मिळत नाहीत. मांजराकाठच्या मुला, लातूर आमच्या बेंचमध्ये येत नाही, तुला औरंगाबाद खंडपीठ. तिथेही हीच गरज आहे. सनदेची वाट पाहताना एक निकाली दावा घे आणि त्यातल्या एका साक्षीदाराचा पूर्ण उलटतपास भाषांतर करून बघ. करून झालं की इथेच टाक, नावं काढून. तपासून देतो.